मागचा डावा पाय

नववी ब म्हणजे शाळेत कोणीच नाही.
आठवीला नवीन म्हणून माफी,
दहावीला बोर्ड,
आम्हाला बाकं उचलायची असतात.

फेब्रुवारीच्या शेवटी कामथे सर वर्गात आले,
हजेरी न घेताच म्हणाले,
"मुलगे उठा. दोघांत एक. जिना जपून."
सासवडला सेंटर, आसपासच्या सात शाळांची पोरं,
हॉलमध्ये बाकं कमी
आणि आमचा वर्ग सगळ्यात जवळ.

मुली दारात उभ्या राहून मोजत होत्या.
कुंजीरांची वैदेही म्हणाली, "आम्हीही उचलतो की."
सर म्हणाले, "तुम्ही नंबर टाका."
तिनं खडू असा मोडला
की दोन्ही तुकडे ऐकू आले.

आमचं बाक तिसऱ्या रांगेतलं, खिडकीकडचं.
अल्ताफ आतार आणि मी.
मागचा डावा पाय बोटभर आखूड.
जूनपासून त्याखाली काय काय घातलं:
फरशीचा तुकडा, जो झाडताना फेकला गेला,
डब्याचं झाकण,
घटक चाचणीचा पेपर, ज्यात मला पंचवीसपैकी सहा.
शेवटी ठरलं,
एकानं लिहायचं, दुसऱ्यानं खालून गुडघा लावायचा.
गणिताला त्याचा, मराठीला माझा.
भांडण झालं की तो गुडघा काढून घ्यायचा
आणि माझं समीकरण पानाबाहेर जायचं.

बाक हॉलमध्ये ठेवलं, हात झटकले.
वैदेहीनं नंबर टाकला, शेवटचे आकडे चार एक सात.
परतताना जिन्यात अल्ताफ थांबला.
"अरे, त्यावर एकच जण बसणार."

मागे वळलो तर हॉलला कुलूप.
भानुदासमामा किल्ल्या कमरेला अडकवत म्हणाले,
"आता फक्त बोर्ड,"
जणू बोर्ड म्हणजे मुलगी पाहायला येणारे पाहुणे.

परीक्षेचे दिवस आम्हाला सुट्टीचे.
मी बापूंसोबत अंजिरं भरायचो,
पेटीत पाला, पाल्यावर फळ, देठ वर.
अकरा वाजले की गुडघा आपोआप उचलला जायचा.
कोण असेल चारशे सतरा?
गराड्याहून येत असेल का भिवडीहून,
एसटी वेळेत आली असेल का,
भूमितीला कंपास घसरला असेल.
अल्ताफ म्हणाला, "नापास झाला तर आपल्याला कुठं कळणार आहे?"
आणि दुसऱ्या दिवशी सायकल आडवी घालून त्यानंच विचारलं,
"आज विज्ञान ना?"

एप्रिलमध्ये बाकं परत आणली.
चार आणि सात पुसट, एक पूर्ण गेलेला.
पुढच्या कडेला शाईचा अंगठा.
आणि मागच्या डाव्या पायाला
लाल रिबीन, तळाखालून घेऊन
घडीवर घडी, वर गाठ,
गाठीतही एक गाठ.
बाक हलवून पाहिलं. ढिम्म.

वैदेही वाकली, बराच वेळ वाकून राहिली.
म्हणाली, "एक वेणी सुटलेली घेऊन गेली असेल घरी."
त्यावर कोणी काही बोललं नाही.
तास इतिहासाचा होता, सनावळ्या.
मी लिहीत होतो, अल्ताफचा गुडघा खाली होताच,
काही काम नसताना.

पुढच्या फेब्रुवारीत
नवी नववी ब जिन्यात, कोपरं भिंतीला घासत.
मी हॉल तिकीट घ्यायला आलेलो,
माझं सेंटर जेजुरी.
बाक लांबूनच ओळखलं.
रिबीन मळून मातीच्या रंगाची,
एक टोक सुटून लोंबणारं.
खालचा पोरगा ते ओढायला लागला,
पायात येतंय म्हणून.

"ए, राहू दे ते."
"का दादा?"

दादा.
मी मागे बघितलं, कोणाला म्हणतोय ते.

अजून नऊ पायऱ्या होत्या,
वरच्या पोराचे हात थरथरत होते,
एवढ्यात कुठून सांगायचं.
"हलतं ते," म्हणालो,
आणि हॉल तिकीट खिशात घालून
एका बाजूनं धरलं.